तारांचा हिशेब आणि तारांखालची जमीन

‘विजेची उच्चदाब वाहिनी टाकायला किलोमीटरमागे किती खर्च येतो?’ हा प्रश्न शासकीय सेवेत मला जितक्या वेळा विचारला गेला, तितका दुसरा कोणताच प्रश्न विचारला गेला नसेल. विचारणारे निरनिराळे असतात. कधी संसदेतील प्रश्नाचे उत्तर संध्याकाळपर्यंत हवे असलेला सहकारी, कधी वर्तमानपत्रातील मोठा आकडा वाचून चकित झालेला शेजारी, तर कधी आमच्याच खात्यातील नवा अधिकारी. उत्तर एका आकड्यात हवे असते, आणि असा एक आकडा देता येत नाही हे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘सरकारी माणूस, दुसरे काय सांगणार’ असा भाव उमटतो.

मी अभियंता नाही. अर्थशास्त्राची पदवी घेऊन दिल्लीत आलो आणि नोकरीचा बराच काळ इतरांनी केलेली अंदाजपत्रके तपासण्यात गेला. मराठीत ‘अंदाजपत्रक’ हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. त्यात अंदाज आहे आणि पत्रकही आहे. मात्र फाइल तीन टेबलांवरून पुढे सरकली की अंदाज गळून पडतो आणि पत्रक तेवढे उरते. मग त्या आकड्याला दोन दशांश स्थळांपर्यंतची अचूकता येते आणि त्याच्या पोटात किती ‘समजा’ दडले आहेत, हे कोणी विचारत नाही.

आधी जे बऱ्यापैकी मोजता येते ते पाहू. ४०० केव्हीची दुहेरी मंडलाची एक साधी वाहिनी घ्या. दोन मंडले, प्रत्येकात तीन फेज आणि प्रत्येक फेजला दोन तारा, म्हणजे एका किलोमीटर मार्गावर बारा किलोमीटर तार लागते. आपल्याकडे या कामाला बहुधा ‘मूज’ नावाची तार वापरतात. पोलादी गाभा आणि त्याभोवती अ‍ॅल्युमिनियमचे पीळ असलेल्या या तारेचे वजन किलोमीटरला सुमारे दोन टन असते. म्हणजे मार्गाच्या प्रत्येक किलोमीटरला चोवीस टन तार झाली, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम साधारण साडेसतरा टन. तार ताणून सरळ रेषेत बसत नाही, तिला झोळ असतो, म्हणून एक-दोन टक्के अधिक धरतात. दोन मनोऱ्यांमधील अंतर सपाटीवर सुमारे ४०० मीटर, म्हणजे किलोमीटरला अडीच मनोरे. येथपर्यंतचे गणित शाळकरी मुलालाही जमेल.

पुढे ते तितके सोपे राहत नाही. मनोरे सारखे नसतात. वाहिनी सरळ चालली असेल तर हलका मनोरा पुरतो. वळण पंधरा, तीस, साठ अंशांचे होत जाते तसतसा मनोरा जड होत जातो, आणि सर्वांत मोठ्या वळणाच्या मनोऱ्याला सरळ मार्गावरील मनोऱ्याच्या दुपटीहून अधिक पोलाद लागते. त्याचा पायाही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून खर्च केवळ लांबीवर ठरत नाही, वळणांवरही ठरतो. आणि वळणे कशामुळे येतात? वस्तीमुळे, विमानतळामुळे, अभयारण्यामुळे, कोणाच्या तरी नव्या प्लॉटिंगमुळे. नकाशावर दोन उपकेंद्रे पट्टीने जोडून त्या अंतरात काही टक्के भर घालणाऱ्या अंदाजपत्रकात यातले काहीच दिसत नाही.

धातूंच्या भावाचीही तीच गत. लंडनच्या धातुबाजारात अ‍ॅल्युमिनियमचा भाव एप्रिल २०२० मध्ये टनाला दीड हजार डॉलरच्या खाली होता आणि मार्च २०२२ मध्ये तो चार हजारांच्या घरात पोहोचला होता. दोन वर्षांपूर्वीच्या भावाने केलेले अंदाजपत्रक मंजुरीच्या दिवशीच शिळे झालेले असते. यावर आपल्या व्यवस्थेने बरा तोडगा काढलेला आहे. विद्युत साहित्य उत्पादकांची संघटना दर महिन्याला किंमत निर्देशांक जाहीर करते आणि अनेक कंत्राटांत त्यानुसार रक्कम वर-खाली होते. हा भाग नियमाने चालतो, म्हणून त्यावर मी फार लिहीत नाही. अंदाजपत्रके फसतात ती मुख्यतः येथे नव्हे.

ती कोठे फसतात हे मला एका फाइलने शिकवले.

२००४ सालची गोष्ट. मी तेव्हा एका कार्यालयात प्रकल्प-छाननीचे काम पाहत होतो. झारखंडातील डोंगराळ, जंगलाने व्यापलेल्या भागातून जाणाऱ्या एका वाहिनीचे अंदाजपत्रक माझ्याकडे आले. मनोरे, तारा, इन्सुलेटर, पाया, उभारणी, सारे तपशीलवार. शेवटून तिसऱ्या ओळीत ‘पीक व वृक्ष नुकसानभरपाई इत्यादी’ असे एक शीर्षक होते आणि त्यापुढे एकूण खर्चाच्या जेमतेम काही टक्के रक्कम. हे टक्के कशावरून आले, असे मी विचारले. माझे वरिष्ठ सज्जन होते, आणि कामात चोखही. ते म्हणाले, ‘मागच्या पाच फायली काढून पाहा, तेवढेच आहेत.’ मी पाहिल्या. तेवढेच होते. मी आद्याक्षरे केली आणि फाइल पुढे गेली.

पुढच्या वर्षी दुसऱ्याच कामासाठी त्या भागात जाणे झाले, तेव्हा एका कनिष्ठ अभियंत्याबरोबर त्या वाहिनीच्या मार्गावर दोन तास चाललो. एका ठिकाणी चार पायांचे काँक्रीट ओतलेले होते आणि त्यावर काहीच नव्हते. शेजारच्या शेताचा मालक, साठीचा गृहस्थ, आम्हांला पाहून आला. पीक बुडाल्याचे पैसे मिळाले का, असे मी विचारले. मिळाले, म्हणाला. मग अडचण काय? तो हिंदीत जे बोलला त्याचा आशय असा : ‘साहेब, पीक एका वर्षाचे होते. तारा माझ्या नातवाच्या वेळीही येथेच असतील. मुलीच्या लग्नाला हा तुकडा विकायचा म्हटले, तर तारांखालची जमीन घेणार कोण?’

अभियंता माझ्याकडे पाहत होता आणि मी काँक्रीटकडे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात की खर्च म्हणजे गमावलेली पुढची संधी. दिल्लीतल्या माझ्या टेबलावर जो खर्च शून्य होता, तो या माणसाच्या जमिनीत पुरलेला होता.

कायद्याच्या दृष्टीने आम्ही काही चुकीचे केले नव्हते. वाहिनीसाठी जमीन संपादित करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६४ अन्वये वाहिनी टाकणाऱ्या संस्थेला भारतीय तार अधिनियम, १८८५ खालील तार-प्राधिकाऱ्याचे अधिकार देता येतात. त्या जुन्या कायद्यानुसार जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, तारा वरून जातात आणि प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते. १८८५ सालचा तारेचा खांब आणि आजचा चार पायांचा उंच मनोरा यांत जे अंतर आहे, ते कायद्याने फार काळ लक्षात घेतले नाही. ४०० केव्हीच्या दुहेरी वाहिनीचा पट्टा ४६ मीटर रुंद असतो. त्याखाली घर बांधता येत नाही आणि उंच झाडे लावता येत नाहीत. मालकी राहते, पण तिच्यातले पुष्कळसे सत्त्व जाते.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये या बाबतीत मार्गदर्शक तत्त्वे काढली. मनोऱ्याच्या चार पायांमधील जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के. जून २०२४ मध्ये ही प्रमाणे अनुक्रमे २०० टक्के आणि ३० टक्के करण्यात आली, आणि २०२५ मध्ये शहरी भागातील पट्ट्यासाठी आणखी वाढवण्यात आली. राज्यांनी ती स्वीकारण्याचा वेग सारखा नाही, हा वेगळा विषय.

याचा अंदाजपत्रकावर काय परिणाम होतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. ४६ मीटर रुंदीचा पट्टा म्हणजे किलोमीटरला ४.६ हेक्टर, सुमारे साडेअकरा एकर. जमिनीचा भाव एकरी वीस लाख धरला, तर १५ टक्क्यांनी पट्ट्याची भरपाई किलोमीटरला ३४ लाखांच्या आसपास जाते आणि ३० टक्क्यांनी ६८ लाखांच्या. आता तीच वाहिनी एखाद्या वाढत्या गावाच्या कडेने न्या, जेथे एकराचा भाव एक कोटी आहे. ३० टक्क्यांनीच केवळ पट्ट्याची भरपाई किलोमीटरला जवळजवळ तीन कोटी चाळीस लाख होते. अ‍ॅल्युमिनियमचा भाव टनाला अडीच लाख धरला, तर वर सांगितलेल्या साडेसतरा टनांची किंमत सुमारे ४४ लाख भरते. ज्या धातूच्या भावासाठी आपण दर महिन्याचा निर्देशांक ठेवतो, त्याच्या सात-आठ पट रक्कम जमिनीच्या शीर्षकात आहे, आणि त्या शीर्षकाचा हिशेब आपण ‘मागच्या पाच फायलीं’वरून करत आलो.

२०२४ ची वाढ ऐकून काही सहकाऱ्यांनी ‘आता पारेषण महाग होणार’ अशी कुरकुर केली. मला हे म्हणणे मान्य नाही. पारेषण पूर्वीही तेवढेच महाग होते. फरक इतकाच की त्या खर्चाचा एक भाग शेतकरी भरत होता आणि तो कोणत्याही पत्रकात येत नव्हता. शिवाय तो भरायला तयार नसे तेव्हा काम अडत असे, आणि अडलेल्या कामाचे व्याज थांबत नसे. पारेषण प्रकल्पात साधारण सत्तर टक्के पैसा कर्जाचा असतो. शंभर किलोमीटरच्या वाहिनीत नव्व्याण्णव किलोमीटर पूर्ण आणि एका शेतातले तीन मनोरे शिल्लक, अशी स्थिती असेल तर त्या वाहिनीतून एक युनिटही वाहत नाही, व्याज मात्र साऱ्या वाहिनीवर चढते. रस्त्याचे तसे नाही. अर्धा रस्ता झाला तर अर्ध्या रस्त्यावर निदान बैलगाडी तरी चालते.

माझ्या त्या झारखंडातील फाइलचे पुढे काय झाले? २०११ मध्ये, बदल्यांच्या दोन फेऱ्यांनंतर, तिचे सुधारित अंदाजपत्रक फिरत फिरत माझ्याच टेबलावर आले. खर्च मूळ रकमेच्या दीडपटीच्या पुढे गेला होता. वाढीची कारणे लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. मूळ टिपणाची प्रत जोडलेली होती, आणि समासात माझी आद्याक्षरे. ‘मार्गाधिकाराच्या अनपेक्षित अडचणी’ असा शब्दप्रयोग अभियंत्यांनी मसुद्यात केला होता. ‘अनपेक्षित’ हा शब्द मी खोडला. त्या जागी काय लिहावे हे मात्र मला सुचेना, आणि शेवटी ‘मार्गाधिकाराच्या अडचणी’ एवढेच राहिले. ही काही मोठ्या धैर्याची गोष्ट नव्हे, हे मला ठाऊक आहे.

मात्र खर्च वाढला म्हणजे अंदाज चुकला, असे दर वेळी नसते. श्रीनगर ते लेह ही २२० केव्हीची वाहिनी घ्या. द्रास, कारगिल, खलत्सी आणि लेह येथील चार उपकेंद्रांसह सुमारे ३३५ किलोमीटरच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने जानेवारी २०१४ मध्ये सुमारे १,७८८ कोटी रुपयांची मंजुरी दिली. ही रक्कम ऑक्टोबर २०१२ च्या किमतींवर काढलेली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये वाहिनीचे लोकार्पण झाले तेव्हा खर्च सुमारे २,२६६ कोटी सांगण्यात आला. वरवर पाहणारा म्हणेल, ४७८ कोटींची वाढ! पण सव्वासहा वर्षांत सुमारे २७ टक्के, म्हणजे वर्षाला चार टक्क्यांहूनही कमी. झोजिलासारखी खिंड, वर्षातून जेमतेम पाच-सहा महिन्यांचा कामाचा हंगाम आणि विरळ हवेत थकणारे मजूर, हे सारे ध्यानात घेता मी त्या अंदाजपत्रकाला चांगले गुण देईन. स्थिर किमतीचा अंदाज आणि चालू किमतीचा खर्च यांची सरळ वजाबाकी करून ‘खर्चवाढ’ जाहीर करण्याची खोड आपल्याकडे फार जुनी आहे, आणि त्यात शासकीय अहवालही मागे नाहीत.

हीच वाहिनी किलोमीटरी दराची फजितीही दाखवते. २,२६६ ला ३३५ ने भागले की पावणेसात कोटींहून थोडा अधिक आकडा येतो. तो कोणी लद्दाखचा ‘दर’ म्हणून दुसऱ्या फाइलवर चढवला तर त्यात चार उपकेंद्रांचा खर्चही वाहिनीत मिसळलेला असेल. मार्ग-किलोमीटर आणि मंडल-किलोमीटर यांची गल्लत तर रोजची. दुहेरी मंडलाची शंभर किलोमीटरची वाहिनी आकडेवारीत दोनशे मंडल-किलोमीटर मोजली जाते. एकाच्या खर्चाला दुसऱ्याच्या लांबीने भागले की दर निम्मा होतो आणि कोणीतरी काटकसरीबद्दल शाबासकी मिळवतो. हा विनोद नव्हे. असे टिपण मी वाचलेले आहे.

मग उपाय काय? पुष्कळांच्या मते उपाय झालेला आहे, तो म्हणजे स्पर्धात्मक बोली. विद्युत अधिनियमाच्या कलम ६३ ने ती वाट उघडली आणि जानेवारी २०११ पासून आंतरराज्य पारेषणाचे प्रकल्प, काही अपवाद सोडून, बोलीनेच द्यावेत असे धोरण आले. त्याआधी, आणि अपवादांत आजही, केंद्रीय वीज नियामक आयोग झालेला खर्च तपासून त्यावर ठरावीक परतावा देतो. झालेल्या भांडवली खर्चावर परतावा मिळत असेल तर भांडवल फुगवण्याकडे कल होतो, हे अ‍ॅव्हर्च आणि जॉन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ सालीच दाखवले होते. बोलीमध्ये हा मोह उरत नाही. सोलापूरशी नाते असलेल्यांना आठवत असेल, ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि सारा भारत एका वारंवारतेवर आला. त्या मार्गावर दोन वाहिन्या आहेत, एक पॉवरग्रिडने बांधलेली आणि दुसरी बोली जिंकलेल्या खासगी समूहाने. दोन्ही पद्धती एकाच मातीत शेजारी शेजारी उभ्या आहेत. एवढ्या एका जोडीवरून निष्कर्ष काढू नये, पण सोलापूरच्या बाजूला जाणाऱ्याने त्या जरूर पाहाव्यात.

बोलीचा मी विरोधक नाही. वीजग्राहकाचा त्यात फायदा झाला आहे असेच माझे मत आहे. पण बोलीने अंदाजाची गरज संपत नाही, ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. आलेली बोली वाजवी आहे की नाही हे ठरवायला शासनाला स्वतःचा अंदाज लागतोच. आणि ज्याने जमिनीचा खर्च सर्वांत कमी धरला त्याची बोली सर्वांत कमी होण्याचा संभव अधिक असतो. जो सर्वांत आशावादी, तो जिंकतो. मग तो शेतकऱ्याशी घासाघीस करतो, कामाला उशीर होतो आणि ‘परिस्थिती आमच्या हाताबाहेर होती’ असा अर्ज घेऊन तो आयोगापुढे उभा राहतो. काही वेळा ते खरेही असते. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी राजस्थान व गुजरातच्या विस्तीर्ण भागात वाहिन्या भूमिगत करण्याविषयी आदेश दिला, तेव्हा तेथील सारे हिशेब एका दिवसात बदलले. मार्च २०२४ मध्ये तो आदेश न्यायालयानेच शिथिल केला. असे काही कोणत्याही अंदाजपत्रकात आधी लिहिता येत नाही. पण गावाच्या कडेचा भाव एकरी एक कोटी आहे, हे मात्र आधी कळू शकते. त्यासाठी तलाठ्याकडे किंवा पटवाऱ्याकडे जावे लागते, इतकेच.

आता ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यात २०३२ पर्यंतच्या पारेषणासाठी नऊ लाख कोटींहून अधिक रक्कम धरलेली आहे. राजस्थान, गुजरात आणि लद्दाखमधील सूर्य आणि वारा शहरांपर्यंत आणायचा तर वाहिन्या लागणारच. त्या बांधू नयेत असे कोणीच म्हणत नाही. माझे मागणे लहान आहे. अंदाजपत्रकाच्या अंतिम मंजुरीपूर्वी मार्गाची पायी पाहणी व्हावी. जमिनीचे शीर्षक टक्क्यांनी न भरता, मार्गावरील गावांची यादी आणि प्रत्येक गावातील चालू भाव यांनी भरावे. आणि एका आकड्याऐवजी दोन द्यावेत : बहुधा इतका, आणि गेल्या दहा-बारा पूर्ण झालेल्या वाहिन्यांचा अनुभव पाहता इतकाही होऊ शकेल. दुसरा आकडा वित्त विभागाला आवडत नाही. तो दिसला की ‘तुमचाच तुमच्या अंदाजावर विश्वास नाही का?’ अशी पृच्छा येते. विश्वास नाही म्हणूनच तर त्याला अंदाज म्हणतात, असे उत्तर एकदा लिहावे असे फार मनात आहे. अद्याप लिहिलेले नाही.

गेल्या महिन्यात एका नव्या वाहिनीची फाइल आली. तरुण अधिकाऱ्याने काम मन लावून केलेले होते. उपग्रहचित्रांवर आखलेला मार्ग, मनोऱ्यांचे प्रकारवार तक्ते, निर्देशांकांसह धातूंचे भाव, आमच्या वेळी स्वप्नातही नव्हते असे सारे. जमिनीच्या शीर्षकापुढे मात्र एकूण खर्चाचे टक्के होते. हे कशावरून, असे मी त्याला बोलावून विचारले. ‘सर, मागच्या फायली पाहिल्या,’ तो म्हणाला.

मी त्याला बसायला सांगितले, चहा मागवला आणि झारखंडातल्या त्या काँक्रीटची गोष्ट सांगितली. माझ्या आद्याक्षरांचीही. फाइल परत पाठवली आहे, मार्गावरील गावांची यादी आणि भाव मागवले आहेत, आणि उत्तरासाठी सहा आठवडे दिले आहेत. विलंबाबद्दल वरून एक स्मरणपत्र आलेले आहे.